तिप्पण्णांची जपान फेरी, व्हाया चिंचोळी

तिप्पण्णांचं म्हणणं असं, की जगात लांबचं असं ठिकाण नसतंच. असतात ती फक्त गाडी चुकवणारी माणसं!

आणि हे म्हणायचा त्यांना अधिकार होता. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी मनगटावरचं घड्याळ अजून पाच मिनिटं पुढे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणाला तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर एका दिवसात करायचं असलं, की तो आधी तिप्पण्णांच्या ओट्यावर येई. तिप्पण्णा डोळे मिटत आणि सांगत, "पाच चाळीसची धरा. देवळात वीस मिनिटं. नवस फेडायचा असेल तर तीस. जेवण डब्यातलं." लोक जात आणि खरोखर दिवे लागायच्या आत घरी परत येत. देव नीट दिसला का, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

अशा माणसाची मुलगी नेमकी टोकियोत नोकरीला लागली. काव्यानं दोन वर्षं पैसे साठवले, आईबापांची तिकिटं काढली आणि फोनवर म्हणाली, "अप्पा, हाकोनेला जाऊ या. डोंगरात गरम पाण्याचे झरे आहेत. दोन दिवस तिथंच हॉटेलात राहू."

तिप्पण्णांनी हॉटेलचा दर बघितला आणि जागच्या जागी खाली बसले.

"झऱ्याचं पाणी जमिनीतून फुकट येतं, आणि नुसतं झोपायचे एवढे? छट्! एका दिवसात जाऊन येऊ! सकाळी निघायचं, दुपारी बुडायचं, संध्याकाळी घरी. जपानी डोंगर झाला म्हणून काय झालं, गाड्या वेळेवर असल्या की डोंगर आपोआप जवळ येतो!"

हे ऐकत पार्वतम्मा पलीकडे भाकरी थापत होत्या. त्या सहसा सहलीच्या चर्चेत पडत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, "ते पाणी तापवतं कोण हो?"

"कुणी नाही. आपोआप. पोटात आग असते डोंगराच्या."

"म्हणजे मला उठावं लागणार नाही?"

आता हे समजायला तिप्पण्णांच्या घरातला बंब माहीत पाहिजे. गिझर वीज खातो, हे तिप्पण्णांचं ठाम मत. त्यामुळे तांब्याचा बंब. तो पहाटे पाचला पार्वतम्मा पेटवत. आधी सासरे, मग सासूबाई, मग दीर, मग तिप्पण्णा, मग शाळेची काव्या, आणि सगळ्यांचं उरकलं की तळाशी जे कोमट उरेल ते पार्वतम्मांचं. छत्तीस वर्षं! आता घरात दोघंच उरले होते, तरी नंबर शेवटचाच. कारण तिप्पण्णांना पूजेआधी चार बादल्या लागत.

"मला तिथं जायचंच आहे," पार्वतम्मा म्हणाल्या. "देऊळ नको, बाजार नको. एकदा दुसऱ्यानं तापवलेल्या पाण्यात बसायचंय. कढत पाण्यात. गुडघे गेलेत माझे."

तिप्पण्णांनी वहीवर रेघ मारली आणि वर लिहिलं: 'हाकोने. एकदिवसीय. काटकसरी.'

आठ दिवसांत वेळापत्रक तयार! सकाळी सहाची साधी रेल्वे, कारण वेगवान गाडीला जादा तिकीट. मग डोंगरावरची बस. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी, दही घालायचं नाही, सांडतं. टॉवेल तिथं भाड्यानं मिळतो हे वाचून तर ते खोखो हसले. "सोलापूरच्या माणसानं टॉवेल भाड्यानं घ्यायचा? समुद्रानं मीठ उसनं मागायचं?" झऱ्यात चाळीस मिनिटं. दोन पंचवीसची परतीची बस.

सगळं जमलं, आणि मग त्यांनी नियम वाचले.

चप्पल बाहेर. ठीक. आधी लाकडी चौरंगावर बसून अंग स्वच्छ धुवायचं. उत्तम. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. चालेल. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. फारच छान. आणि अंगावर काहीही नाही. पंचा नाही, लंगोट नाही, काही म्हणजे काही नाही! अनोळखी लोकांत!

तिप्पण्णांना घाम फुटला. हा माणूस घरात कडी लावून, वर खुंटीला टॉवेल आडवा बांधून, पंचा नेसून अंघोळ करणारा. देवापुढे सोवळं नेसतानासुद्धा आधी देवाकडे पाठ करणारा!

"अगं, तिथं उघडं बसावं लागतं," त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

"बायकाबायकांतच ना?"

"हो."

"मग काय झालं!" पार्वतम्मा म्हणाल्या आणि डाळ निवडू लागल्या.

अडचण तिप्पण्णांचीच होती. पण एसटीत एक पद्धत असते. नवीन मार्ग सुरू करायचा, तर आधी रिकामी गाडी फिरवून बघायची. घाट कुठं, वळण कुठं, वेळ किती जातो. तिप्पण्णांनी ठरवलं, जपानलाही आधी ट्रायल फेरी! आणि तीही सोलापुरातच.

त्यांचा बालमित्र रुद्रप्पा चिंचोळी एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात रंगारी. सूत रंगवायचे हौद त्याच्या ताब्यात, आणि तिथं बॉयलरचं गरम पाणी हवं तेवढं. तिप्पण्णांनी त्याला सगळं सांगितलं. शेवटचा भाग कानात सांगितला.

रुद्रप्पा पोट धरून हसला. "एवढंच व्हय? रविवारी ये की दुपारी तीनला. दुपारपास्नं कारखाना बंद असतोय. कडेचा हौद धुऊन साधं गरम पाणी भरून ठेवतो. तू बस हौदात, मी बसतो समोर स्टुलावर, जपानी म्हणून."

"तू कपडे घालून?"

"आरं, मला कुटं जायाचंय जपानला?"

तेव्हा पार्वतम्मांना सिद्धरामेश्वराची शपथ घालून, कुणाला सांगणार नाही असं वदवून घेऊन, रविवारी तिप्पण्णा निघाले. वेळापत्रकाप्रमाणे घरापासून स्टॅंडपर्यंत चालत, कारण टोकियोत चालायचंय. पुढे चिंचोळीला बस, ती रेल्वे समजायची. फाटकापासून चढावर पायी, तो डोंगर. हातात पिशवी, पिशवीत टॉवेल आणि भाकरी. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे झालं. फक्त तीनच्या जागी ते अडीचलाच पोचले, कारण तिप्पण्णा कधी उशिरा पोचतच नसत.

फाटकावर धोंडीराम वॉचमन. "रुद्रप्पा च्याला गेल्यात. येत्यालच की. तुमी बसा आत."

बसा म्हटल्यावर माणसानं बाकावर बसावं. तिप्पण्णा हौद बघायला गेले!

कडेच्या हौदात स्वच्छ पाणी होतं. वाफ येत होती. तिप्पण्णांनी बोट घातलं आणि नाक मुरडलं. हे तर नळाचं पाणी! यात कसली आली जपानी तालीम? शेजारी आणखी एक हौद होता. त्यांनी डोकावलं आणि खिशातून मोबाइल काढला. आदल्या रात्री वाचलेला लेख उघडला. 'झऱ्याचं पाणी पिवळसर हिरवट असतं.' हौदातलं पाणी पिवळसर हिरवट! 'गंधकाचा उग्र वास येतो.' आला, नाकातले केस जळतील असा आला! 'हाताला बुळबुळीत लागतं.' लागलं! तिन्ही खुणा पटल्या. "रुद्रप्पा, लेका, मानलं तुला!" तिप्पण्णा एकटेच म्हणाले. मित्रानं एवढं मनावर घेतलं म्हणून त्यांना अगदी भरून आलं.

मग दहा मिनिटं धीर गोळा केला. दोनदा पंचा सोडला, दोनदा नेसला. शेवटी "एक, दोन, तीन" म्हणून त्यांनी अंग झोकून दिलं. गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर सोलापुरी टॉवेलची चौकोनी घडी. मंडळी, काय ते सुख! हाडं मऊ झाली. लाज विरघळली. समोर दोन-चार जपानी आहेत असं समजून त्यांनी मान लववून नमस्कारसुद्धा केला.

तेवढ्यात दारात रुद्रप्पा.

"अय्यो! होरग बा! होरग बा मारायाऽ! भाइर ये आधी!"

"का? तीन वाजायला अजून..."

"आरं घड्याळ घाल चुलीत! नीळ हाय ती, नीळ! सकाळी सूत काढल्यावर उरल्यालं पानी हाय! सोडून द्यायचं र्‍हायलं होतं!"

"नीळ कसली? पाणी तर पिवळं आहे."

"हौदात पिवळीच असती! त्यो वास आमच्या पावडरीचा! हवा लागली की मग बघ तिचा रंग!"

तिप्पण्णा बाहेर आले. पिवळसर दिसत होते. "हे बघ, काही झालं नाही," असं म्हणेपर्यंत खांदे हिरवे झाले. "धुतलं की..." म्हणेपर्यंत छाती मोरपिशी झाली. वाक्य पुरं झालं तेव्हा तिप्पण्णा गळ्यापासून पायाच्या नखापर्यंत निळे झाले होते. गडद निळे! तोंड तेवढं आपल्या मूळ रंगावर, आणि त्यावरची घडी पांढरीशुभ्र.

रुद्रप्पानं अर्धा तास त्यांच्यावर साधं पाणी मारलं. लिंबं चोळली. काथ्यानं घासलं. मग मागं सरकून बघितलं आणि त्याच्यातला रंगारी जागा झाला. "एकसारखा बसलाय बघ. कुटं डाग न्हाय. आपला रंग हाय बाबा, चादर फाटंल पर रंग जानार न्हाय!"

"मी चादर आहे का? नऊ दिवसांनी विमान आहे माझं!"

"कातडं झडंल तसा जाईल की. पंधरा दिस धर. नखांना जास्त. पातळ पानी होतं म्हून बचावलास, न्हायतर सोलूनच निघाला असतास."

पार्वतम्मांनी दार उघडलं, नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांना इतकं हसू आलं की चौकटीला धरून खाली बसल्या. "शंकराचा कंठ निळा म्हणतात," त्या म्हणाल्या, "तुमचं तोंड सोडून बाकी सगळं!"

"शपथ आहे तुला!" तिप्पण्णा ओरडले.

पार्वतम्मांनी शपथ पाळली. पण निळा माणूस लपवणार कुठं? ऑक्टोबरचं सोलापूर, पंख्याचं वारंसुद्धा भाजतंय, आणि तिप्पण्णा पूर्ण बाह्यांचा स्वेटर, पायमोजे, हातमोजे आणि मफलर घालून ओट्यावर! पेठेत कुजबुज सुरू झाली. पहिल्या दिवशी थंडीताप होता. दुसऱ्या दिवशी तो काविळीवर गेला. तिसऱ्या दिवशी लोक येता-जाता "काही लागलं तर सांगा" म्हणायला लागले, आणि तेही डोळे पुसत!

पाचव्या दिवशी पार्वतम्मा प्रवासाच्या भाकरीचं पीठ आणायला गिरणीत गेल्या. घरी तिप्पण्णा एकटेच. उकाडा सहन होईना, म्हणून त्यांनी हातमोजे काढले आणि स्वेटरच्या बाह्या वर करून घटकाभर पडले. डोळा लागला. त्याच वेळी शेजारच्या गौरम्मा वाटीभर कोशिंबीर घेऊन आत आल्या. बघतात तर काय! कॉटवर माणूस निपचित आणि हात निळेजांभळे!

गौरम्मांची किंकाळी चौकापर्यंत गेली. पाच मिनिटांत घरात तीस माणसं. कुणी पाय वर धरले, कुणी कांदा फोडला, कुणी पुठ्ठ्यानं वारा घालायला लागलं. कोपऱ्यावरचे डॉक्टर धावत आले. त्यांनी ऑक्सिजन मोजायचा चिमटा तिप्पण्णांच्या बोटाला लावला. आता त्या बिचाऱ्या चिमट्याला काय ठाऊक, की निळ्या नखातून त्याला नीट दिसत नाही! आकडा आला एकाहत्तर.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "ॲम्ब्युलन्स बोलवा! बोलू नका काका, अजिबात बोलू नका!"

खरं म्हणजे एक वाक्य पुरे होतं. पण ते वाक्य काय, तर 'मी रंगाच्या हौदात नागडा बसलो होतो.' तीस माणसांपुढे! तिप्पण्णांनी विचार केला आणि अब्रूपेक्षा ॲम्ब्युलन्स परवडली असं ठरवून डोळे मिटून घेतले.

नेमका त्याच वेळी मोबाइल वाजला. काव्याचा रोजचा व्हिडिओ कॉल. तो गौरम्मांनी उचलला.

"काव्या, बाळा, घाबरू नको. पण तू निघ!"

"काय झालं मावशी? अप्पा कुठायत?"

"हे बघ, शेवटचं बघून घे!" म्हणत गौरम्मांनी मोबाइल तिप्पण्णांच्या हातांवरून फिरवला. काव्या रडायलाच लागली. "मी येते! पहिलं मिळेल ते विमान पकडते! तुमची तिकिटं रद्द करून टाकते आत्ताच, त्याच पैशांत माझं होईल!"

आणि दारात पार्वतम्मा. कडेवर पिठाचा डबा.

त्यांनी घर भरलेलं बघितलं. निळे हात बघितले. मिटलेल्या डोळ्यांची एक पापणी हळूच उघडून परत मिटलेली बघितली. सगळं लक्षात आलं. एकीकडे सिद्धरामेश्वराची शपथ, दुसरीकडे मोबाइलमधून आवाज, "रद्द करते, अव्वा, आत्ताच रद्द करते!"

छत्तीस वर्षांचं कोमट पाणी त्यांच्या डोळ्यांपुढून वाहून गेलं.

"काही रद्द करायचं नाही!" पार्वतम्मा अशा कडाडल्या, की वारा घालणारा पुठ्ठा थांबला. "त्यांना काही झालेलं नाही! चिंचोळीत रंगाच्या हौदात नागडे बसले होते ते! जपानची तालीम करायला! नीळ आहे ती, नीळ! आणि तू नीट ऐक, काव्या. हे आले तर आले. नाही आले तर मी एकटी येते. मला त्या पाण्यात बसायचंय!"

 आधी डॉक्टर हसले. त्यांच्या मागून सगळी पेठ! ॲम्ब्युलन्स आली, ड्रायव्हरनं कारण विचारलं, तोही हसून, चहा पिऊन गेला. संध्याकाळपर्यंत ओट्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तिप्पण्णांना विचारत होता, "काका, पाणी कसं होतं?"

तर असे दोघं जपानला गेले. नऊ दिवस घासून घासून तिप्पण्णा आभाळी झाले होते. पण सगळीकडे सारखे नव्हे. कुठं ढग, कुठं लाटा, पाठीवर तर भारताच्या नकाशासारखं काहीतरी. विमानतळावर बोटांचे ठसे घेणाऱ्या साहेबानं निळी बोटं बघितली, काच पुसली, परत बोटं बघितली, परत काच पुसली. काव्यानं फोनवरून काय सांगितलं कोण जाणे, साहेब तोंडावर हात धरून बराच वेळ खाली बघत राहिला.

हाकोनेची फेरी मात्र सेकंदाबरहुकूम! सहाची रेल्वे सहाला. बसची वाट बघावी लागली दोन मिनिटं, लिहिली होती दोनच. तिप्पण्णांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की जगाला आपली किंमत कळलीय. डोंगरात वाफ उठत होती, झाडं तांबडीलाल झाली होती, आणि वेळापत्रकातल्या ठरलेल्या मिनिटाला ते स्नानगृहाच्या खिडकीपुढे उभे होते, बगलेत सोलापुरी टॉवेल.

खिडकीतल्या बाईंनी त्यांचे हात बघितले. मग गळा बघितला. मग कमरेत वाकून नमस्कार केला आणि भिंतीवरच्या पाटीकडे हात केला.

"अप्पा," काव्या ओठ चावत म्हणाली, "अंगावर गोंदलेलं असेल तर आत सोडत नाहीत."

"गोंदलेलं? हे गोंदण आहे? सांग तिला, ही सोलापुरी नीळ आहे! कष्टानं आणलीय!"

काव्यानं सांगितलं. बाई आणखी खाली वाकल्या. तिप्पण्णाही वाकले. बाई परत वाकल्या. इतक्या अदबीनं त्यांना आयुष्यात कुणी बाहेर काढलं नव्हतं.

पार्वतम्मांनी नवऱ्याच्या बगलेतला टॉवेल काढून घेतला.

"चाळीस मिनिटं!" तिप्पण्णा मागून ओरडले. "दोन पंचवीसची आहे!"

मायलेकी पडद्याआड गेल्या. पार्वतम्मांनी मागं वळून बघितलं नाही.

तिप्पण्णा बाहेर बाकावर बसले. डब्यातली कडक भाकरी मोडली. दोन पंचवीसची आली आणि दोन पंचवीसलाच गेली. दोन पंचावन्नची गेली. तीन पंचवीसची गेली तेव्हा त्यांनी सवयीनं वहीत शेरा मारला: 'प्रवासी न आल्यामुळे रिकामी.' आत जाता येईना, हाक मारता येईना. चौदा वर्षं त्यांनी लोकांना गाडीसाठी पळवलं होतं. आता मनातल्या मनात पार्वतम्मांना झाडायचं वाक्य त्यांनी चार वेळा घोटून तयार ठेवलं.

सव्वाचारला पार्वतम्मा बाहेर आल्या. गाल लाल, केस ओले, गुडघा न धरता तिन्ही पायऱ्या उतरल्या. तिप्पण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. ते घोटलेलं वाक्य कुठं गेलं ते सापडेचना.

"कसं होतं पाणी?" त्यांनी विचारलं.

"गरम होतं," पार्वतम्मा म्हणाल्या. मग थोडं थांबल्या. "अहो, शेवटपर्यंत गरम होतं!"

तिप्पण्णांनी वही मिटून पिशवीत टाकली. 

आता सोलापुरात काय चालतं, ते ऐका. शुक्रवार पेठेत पहाटे पाचला बंबाचा धूर निघतो. बंबाशी तिप्पण्णा, नखांना अजून थोडी निळाई. न्हाणीघराच्या दारावर त्यांच्याच अक्षरात वेळापत्रक डकवलेलं आहे. पहिली फेरी, सहा वाजता, पार्वतम्मा. मुक्काम चाळीस मिनिटं, असं लिहिलंय खरं, पण ती फेरी सातच्या आत काही सुटत नाही. दुसरी फेरी तिप्पण्णा. तोवर पाणी कोमट होतं. तळाला बादलीभर, तेवढंच.

खाली एक ओळ आहे, जुन्या सवयीनं लिहून गेलेली: 'तक्रार असल्यास वाहतूक नियंत्रकाकडे करावी.'

तिप्पण्णा रोज ती वाचतात आणि गपचूप अंगावर तांब्या ओततात.